समुद्रात बार्ज, किनाऱ्यावर क्वारंटाईन आणि मधे क्रू चेंज: कोविडमधल्या गॅस प्रोजेक्टवर वापरलेल्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू खरं तर खूप आधी लिहायला पाहिजे होता, पण प्रोजेक्टचा शेवटचा पंच पॉइंट (उरलेल्या बारीकसारीक कामांच्या यादीतलं काम) बंद होईपर्यंत डोकं जागेवर नव्हतं आणि नंतर राहून गेलं ते राहूनच गेलं. कोविडच्या काळात आमच्या ऑफशोअर गॅस प्लॅटफॉर्मच्या हुक-अप (जोडाजोडी) आणि कमिशनिंगसाठी (तपासून चालू करणं) आम्ही एकाच कंपनीकडून सगळं पॅकेज घेतलं होतं, म्हणजे राहण्याचा बार्ज (सपाट तळाचं जहाज), त्यावरचं केटरिंग आणि हाउसकीपिंग, किनाऱ्यावरचं हॉटेल क्वारंटाईन, टेस्टिंग, मेडिक आणि माणसांची ने-आण, सगळं त्यांच्याच गळ्यात. दीड वर्ष वापरलं. पाचपैकी चार स्टार देतोय. एक स्टार कापलाय तो कशासाठी ते खाली सविस्तर सांगतो कारण त्यात माणसांचे खूप हाल झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. सर्व्हिस कशी पारखायची एवढं तुम्हाला कळलं तरी मला पुरे आहे.

आधी परिस्थिती काय होती ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जॅकेट (प्लॅटफॉर्मचा पोलादी पायांचा सांगाडा) समुद्रात उभं होतं, टॉपसाइड (यंत्रसामग्रीचा वरचा भाग) वर बसलेली होती आणि आता जोडाजोडीचं काम बाकी होतं, पाइपचे स्पूल (तयार तुकडे), केबल, इन्स्ट्रुमेंट, इन्सुलेशन, प्रेशर टेस्ट. या टप्प्याला क्रेन कमी आणि माणसं जास्त लागतात, माणूस माणसाला चिकटून काम करतो, अर्ध्या मीटरच्या जागेत एक फिटर आणि एक वेल्डर, वर फायर वॉच, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा. आणि नेमका त्याच टप्प्याला कोविड आला. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली आणि त्याच दिवशी नॉर्वेच्या मार्टिन लिंगे फील्डवर एक जण पॉझिटिव्ह निघाल्याची बातमी आली. ती वाचली तेव्हा आमच्या ऑफिसात कोणी काही बोललंच नाही, कारण मार्टिन लिंगेपण आमच्यासारखंच, बांधकामाच्या शेवटच्या टप्प्यातलं होतं. त्यात २० एप्रिलला अमेरिकन क्रूडचा भाव उणे ३७ डॉलरच्या खाली गेला, म्हणजे एकीकडे खर्च दुप्पट होणार आणि दुसरीकडे क्लायंटचा हात आखडता. अशा वेळी ही कंपनी कामाला लागली.

आता मूळ मुद्दा, आणि हा मला त्यांच्याचकडून शिकायला मिळाला. मी वीस वर्षं प्लॅनिंग करतोय, शेड्युल म्हटलं की मी क्रेन, व्हेसल, वेदर विंडो (हवामान साथ देईल तो काळ) आणि मटेरियल बघतो. कोविडमध्ये घोडं अडलं ते कॉटवर. बार्जवर एकूण ६० केबिन, प्रत्येकीत चार बंक, म्हणजे २४० माणसं. दोन दिवसपाळीचे, दोन रात्रपाळीचे, असं नेहमी चालतं. पहिल्याच मीटिंगला त्यांच्या कॅम्प बॉसने (बार्जवरची राहण्याची सोय बघणारा) कागद पुढे केला. एका केबिनमध्ये दोनच माणसं आणि तीपण एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा, म्हणजे झोपेत एका खोलीत दोन श्वास नकोत. झाल्या १२० कॉट. त्यातल्या ६ केबिन आयसोलेशनला, राहिल्या १०८. बार्जचा स्वतःचा क्रू, स्वयंपाकघर, सफाई, मेडिक मिळून ३८. हातात राहिले ७०, त्यात क्लायंटची माणसं आणि सुपरवायझर धरून १० वजा केले तर काम करणारे हात ६०. माझ्या शेड्युलमध्ये १९० लिहिलेले होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पण या माणसाने आकडा टाकून हात वर केले नाहीत, तो म्हणाला साहेब रोज संध्याकाळी माझ्यासोबत बसा, तुम्ही काम सांगा, मी कॉट सांगतो. आणि खरंच, पुढचं दीड वर्ष रोज संध्याकाळी सहाला मी आणि तो बसलो. माझं चौदा दिवसांचं लुक-अहेड (पुढच्या कामांचं वेळापत्रक) आणि त्याचा कॉटचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून. आज अमुक दोन इलेक्ट्रिशियन उतरले तर त्या जागी कोण, इन्स्ट्रुमेंटचा माणूस आणायचा की अजून एक वेल्डर, आणि ज्याला आणायचं तो आत्ता क्वारंटाईनच्या कितव्या दिवसाला आहे. कारण आज मागितलेला माणूस चौदा दिवसांनी मिळणार, म्हणजे चौदा दिवसांनंतर कुठलं काम चालू असेल ते आज अचूक माहीत पाहिजे. इतकं काटेकोर प्लॅनिंग मी आयुष्यात केलं नव्हतं. ज्या प्रोजेक्टवर प्लॅनर किनाऱ्यावरच्या ऑफिसात आणि कॅम्प बॉस बार्जवर, आणि दोघांचं बोलणं फक्त ईमेलवर, तिथे काय होत असेल याची कल्पना करवत नाही.

दुसरी गोष्ट बॅचची. माणसांचे गट करायचे, एका गटाने एकत्र क्वारंटाईन, एकाच बसने प्रवास, एकाच मजल्यावर केबिन, मेसमध्ये एकच वेळ, मस्टरला (धोक्याच्या वेळी जमायला) एकच जागा आणि एकच लाईफबोट. हेल्मेटवर रंगीत पट्टी, म्हणजे लांबूनच कळतं कोण कुठल्या गटाचा. एक पॉझिटिव्ह निघाला तर बारा जण बाजूला होतात, पन्नास नाही. कल्पना चांगली, पण पहिल्यांदा गट आम्ही केले ते ट्रेडनुसार, वेल्डर सगळे निळे, फिटर सगळे पिवळे, स्कॅफोल्डर (परांची बांधणारे) सगळे हिरवे. सुपरवायझरला सोपं जातं म्हणून. तेव्हा त्यांच्या लॉजिस्टिक्सच्या बाईंनी हे करू नका म्हणून सांगितलं होतं, मॅडमनी लेखी पण दिलं होतं, आम्ही ऐकलं नाही. चूक पूर्ण आमची होती.

झालं असं की एका रात्री अडीच वाजता एक स्कॅफोल्डर मेडिककडे आला, अंग गरम आणि घसा दुखतोय. तासाभरात हिरव्या पट्टीचे बाराच्या बारा आपापल्या केबिनमध्ये बंद. पहिले दोन दिवस कळलंच नाही काय झालंय, काम चालू होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सेलर डेकवर (प्लॅटफॉर्मचा खालचा मजला) वेल्डर चढायला गेला आणि परत खाली आला, कारण स्कॅफोल्डच्या टॅगवर (तपासणीची चिठ्ठी) सात दिवसांपूर्वीची तारीख होती. दर सात दिवसांनी तपासणी होऊन सही झाल्याशिवाय त्याच्यावर पाय ठेवायचा नाही, आणि सही करणारे दोघेही केबिनमध्ये बंद. मग एकेक टॅग संपत गेला. वेल्डर, फिटर, पेंटर, वेल्ड तपासणारे रेडिओग्राफीवाले, सगळे ठणठणीत बरे, हातात परमिट, आणि चढायला जागा नाही. नऊ दिवस आमचा प्लॅटफॉर्म बारा माणसांसाठी थांबून होता. त्यानंतर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मिश्र गट केले, प्रत्येक बारामध्ये दोन स्कॅफोल्डर, त्यातला एक सही करू शकणारा, दोन रिगर (जड सामान उचलून बसवणारे), तीन फिटर, दोन वेल्डर, एक इलेक्ट्रिशियन, एक इन्स्ट्रुमेंटवाला आणि एक पेंटर, सहा दिवसाला सहा रात्रीला. म्हणजे प्रत्येक गट आपल्या पायावर उभा. पुढच्या वर्षात अजून दोनदा गट बंद करावे लागले पण काम एकदाही पूर्ण थांबलं नाही. ही अक्कल त्या कंपनीची होती आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

लाईफबोटचा विषय निघाला म्हणून सांगतो, यावर खूप वाद झाले. लाईफबोटमध्ये माणसं खांद्याला खांदा लावूनच बसतात, तिथे सहा फूट अंतर शक्यच नाही. क्लायंटच्या एका गटाचं म्हणणं होतं की मस्टर ड्रिलच बंद ठेवूया. कंपनीच्या सेफ्टीवाल्याने ठाम नकार दिला. गॅसच्या प्लॅटफॉर्मवर आधी गॅस मारतो, व्हायरस नंतर. ड्रिल झालीच पाहिजे, फक्त गटागटाने आणि मास्क लावून, बोटीत शेवटपर्यंत न बसता दारापर्यंत जाऊन हजेरी. हे त्याने पकडून ठेवलं म्हणून मी त्याला मानतो. त्याच माणसाने अजून एक गोष्ट लक्षात आणून दिली जी आमच्या कोणाच्या डोक्यात आली नव्हती, की कोविडमध्ये वास जातो. हायड्रोजन सल्फाईडच्या बाबतीत तसंही नाकावर भरवसा ठेवायचा नसतो कारण जास्त प्रमाणात तो वास मारूनच टाकतो, पण बारीक गळतीचा पहिला सुगावा बऱ्याचदा कुणाच्या तरी नाकालाच लागतो. त्यामुळे बरा होऊन परतलेल्या प्रत्येकाला त्याने वासाबद्दल विचारायला सुरुवात केली आणि पर्सनल गॅस डिटेक्टरची रोजची बंप टेस्ट (थोडा गॅस सोडून तो वाजतो का ते बघणं) स्वतः उभं राहून बघायला लागला.

आता जे जमलं नाही ते. गँगवेवरची (बार्जवरून प्लॅटफॉर्मवर जायचा पूल) टेम्परेचर गन हा निव्वळ वेळेचा अपव्यय होता. समुद्राचा वारा चेहऱ्यावर आपटत असताना माणसाचं कपाळ चौतीस दाखवतं, उन्हात उभा राहिलेला अडतीस. रोज सकाळी गँगवेवर रांग, म्हणजे ज्या गर्दीला टाळायचं तीच गर्दी. दोन महिन्यांनी ती मेसच्या आतल्या दरवाज्यावर हलवली, तेव्हा जरा अर्थ आला. टेस्टचा रिपोर्ट सुरुवातीला चार चार दिवस यायचा नाही, त्यामुळे चौदाचे अठरा दिवस व्हायचे आणि माझा सगळा कॉटचा तक्ता कोसळायचा. नंतर त्यांनी दुसरी लॅब लावली, मग सुधारलं. वेंटिलेशनचं त्यांनी आधीच तपासायला पाहिजे होतं, आयसोलेशनच्या केबिनची हवा फिरून पॅसेजमध्ये येत होती हे आमच्या एचव्हीएसीच्या (हवा खेळवणारी यंत्रणा) टेक्निशियनने धुराची नळी लावून दाखवलं तेव्हा कुठे हालचाल झाली. दुरुस्ती मात्र दोन दिवसात केली, डँपर (हवेची झडप) बंद करून स्वतंत्र एक्झॉस्ट काढला.

इंटरनेटचं पण सांगायला हवं कारण ते पॅकेजमध्येच होतं. कंप्रेसरच्या व्हेंडरचा माणूस येऊ शकत नव्हता, त्याच्या देशातून बाहेर पडायलाच बंदी, मग कमिशनिंग हेल्मेटला लावलेल्या कॅमेऱ्यावरून करायचं ठरलं. इथे आमचा टेक्निशियन पॅनल उघडून उभा, तिथे व्हेंडरचा इंजिनियर आपल्या घरी टेबलावर, आणि मधे सॅटेलाइट लिंक. गॅस असलेल्या एरियात साधा कॅमेरा चालत नाही, इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे ठिणगी न पडणारा पाहिजे, नाहीतर प्रत्येक वेळी हॉट वर्कसारखं (वेल्डिंगसारखं ठिणगीचं काम) परमिट आणि गॅस टेस्ट. तो सेट मिळाला, पण चित्र अडकायचं. आमची वेळ संध्याकाळी आठची आणि त्याच वेळी दिवसपाळीची सगळी माणसं घरी व्हिडिओ कॉल लावून बसलेली. आता त्या माणसाला काय सांगणार की बाबा रे पोराशी बोलू नकोस, मला कंप्रेसरचं व्हायब्रेशन बघायचंय. शेवटी कंपनीने कामासाठी वेगळी लाईन मंजूर करून घेतली. ही सुरुवातीलाच करारात मागा, मी मागितली नव्हती.

डायव्हिंगची माणसं या पॅकेजमध्ये नव्हती, त्यांचं जहाज वेगळं, पण क्वारंटाईन याच कंपनीकडे होतं आणि तिथे त्यांनी फार जपून काम केलं. सॅच्युरेशन डायव्हर (खोल पाण्याइतक्या दाबाखाली दिवसेंदिवस राहणारा) एकदा चेंबरमध्ये गेला की आजारी पडला म्हणून दार उघडून बाहेर काढता येत नाही, साधारण दर ३० मीटरला एक दिवस आणि वर एक दिवस असा डिकम्प्रेशनचा (दाब हळूहळू उतरवण्याचा) हिशोब असतो, म्हणजे आमच्या खोलीला चार दिवस. एका चेंबरमध्ये तिघं-चौघं, हवा तीच. त्यामुळे डायव्हरना एका खोलीत एकेकटं, दोनऐवजी तीन टेस्ट, आणि जेवण ठेवणारा माणूसही तोच कायम. डायव्हिंग सुपरवायझर माझ्याकडे येऊन म्हणाला होता की एवढी काळजी त्याने दुसरीकडे बघितली नाही.

आणि आता तो एक स्टार. आमची रोटेशन २८ दिवस काम, २८ दिवस घर अशी होती. चौदा दिवस हॉटेलात काढून २८ दिवस काम करणं कोणालाच परवडेना, म्हणून सगळ्यांच्या संमतीने ४२ दिवस काम केलं. १२ तासांची पाळी, ४२ दिवस, वर हॉटेलचे १४, म्हणजे ५६ दिवस घराबाहेर. हे लोकांनी मान्य केलं होतं, कुरकुर न करता. पण नंतर एका क्रू चेंजच्या (जुना गट उतरून नवा चढण्याच्या) वेळी बंदर बंद झालं, विमानं बंद झाली, आणि एक पूर्ण गट अडकला. अडकणं ही कंपनीची चूक नव्हती. त्या काळात जगभर चार लाखांच्या आसपास खलाशी जहाजांवर अडकले होते, हा आकडा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा आहे. सागरी कामगार कराराप्रमाणे सलग ११ महिन्यांपेक्षा जास्त जहाजावर ठेवता येत नाही, तरी माणसं त्याच्यापुढे गेली. क्रू चेंजचे प्रोटोकॉल मे २०२० मध्येच आले होते, आणि १ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने खलाशांना अत्यावश्यक कामगार माना असा ठराव केला. आमची अडचण अशी की आमच्या वेल्डर-फिटरकडे सीमन बुकच (खलाशाचं ओळखपुस्तक) नव्हतं, ते कागदावर खलाशी नव्हते, मग खलाशांसाठी निघालेली सवलत त्यांना लागू करून घ्यायला प्रत्येक ठिकाणी वेगळं पत्र, वेगळा शिक्का. ते काम कंपनीने जीव तोडून केलं, मी स्वतः बघितलंय.

चूक झाली ती सांगण्यात. त्या गटाला दर सोमवारी सांगितलं जायचं, पुढच्या आठवड्यात नक्की. पुढचा सोमवार आला की परत पुढचा आठवडा. असे सात सोमवार गेले. ४२ दिवसांचे ९१ झाले. त्यातल्या एका रिगरची आई त्या काळात गेली. त्याने तीन आठवडे आधीच बॅग भरून ठेवली होती, केबिनच्या दाराशी, कारण त्याला सांगितलं होतं पुढच्या आठवड्यात. बातमी आली त्या दिवशीही ती बॅग तिथेच होती. तो मला म्हणाला, साहेब, अजून दोन महिने लागतील असं आधीच सांगितलं असतं तर मी आईशी रोज जास्त वेळ बोललो असतो, मी म्हणायचो आता येतोच आहे, आल्यावर बोलू. याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. कंपनीला माहीत होतं की तारीख नाही, त्यांच्या आतल्या ईमेलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं मला नंतर दाखवलं गेलं, पण माणसं काम सोडून बसतील या भीतीने वेळ मारून नेली. माणसं काम सोडून बसली नसती, चिडली असती, रडली असती, आणि मग कामाला लागली असती. खोट्या तारखांनी मात्र शेवटच्या दोन आठवड्यात खरंच धोका झाला, टूलबॉक्स टॉकला (कामाआधीची सुरक्षेची चर्चा) माणसं नुसती उभी, डोळे कुठेतरी, दोन निअर मिस (थोडक्यात टळलेले अपघात) त्याच गटाचे. मीपण त्या सोमवारच्या मीटिंगमध्ये बसायचो आणि जोर लावून विचारलं नाही, हे मला मान्य आहे.

नंतर आम्ही भांडून नियम करून घेतला. तारीख माहीत नसेल तर नोटीस बोर्डावर माहीत नाही असंच लिहायचं, आणि काय अडलंय ते पण लिहायचं, बंदर, विमान की टेस्ट. पहिल्या नोटिशीपाशी गर्दी झाली, आरडाओरडा झाला, आणि संध्याकाळपर्यंत बार्ज शांत. कॅम्प बॉसने स्वतःहून एक तास रोज फोनसाठी राखून ठेवला ज्यांचे ४२ दिवस उलटलेत त्यांच्यासाठी, लाईन मोकळी, वेळेचं बंधन नाही.

पैशांचं थोडक्यात. बिल कॉटच्या दिवसाप्रमाणे होतं, आणि रिकामी कॉट पण भरलेल्या कॉटच्या दराने. आयसोलेशनच्या केबिन बहुतेक वेळ रिकाम्या असायच्या (आणि असायलाच पाहिजेत) तरी पूर्ण पैसे. रिकाम्या कॉटचा दर वेगळा ठरवून घ्या. फोर्स मॅज्युअर (आवाक्याबाहेरच्या संकटाचं कलम) आपल्याला वाचवेल अशा भरवशावर राहू नका, बहुतेक करारात त्याने वेळ वाढवून मिळतो, खर्च ज्याचा त्याला. वेळ तर सगळ्यांनाच लागला, डेन्मार्कच्या टायरा गॅस फील्डचं काम कोविडमुळे २०२२ वरून २०२३ वर गेल्याचं २०२० च्या नोव्हेंबरातच जाहीर झालं होतं, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या टॉर्ट्यू प्रोजेक्टमध्ये तर एप्रिल २०२० मध्येच फोर्स मॅज्युअरची नोटीस निघाली आणि तरंगत्या एलएनजी जहाजाची तारीख वर्षभर लांबली. दुसरीकडे भारताच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या केजी-डी६ च्या आर क्लस्टरमधून दोन हजार मीटरपेक्षा खोल पाण्यातून १८ डिसेंबर २०२० ला गॅस सुरू झाला, त्याच वर्षात. आमचा क्लायंट प्रत्येक मीटिंगला हे शेवटचं उदाहरण द्यायचा आणि आम्ही पहिली दोन.

२०२१ मध्ये लस आल्यावर बरंच हलकं झालं, क्वारंटाईनचे दिवस कमी झाले, केबिनमध्ये तीन माणसं झाली, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही.

परत अशी वेळ आली तर याच कंपनीला बोलावेन का? बोलावेन, पण करारात तीन गोष्टी घालून. कॅम्प बॉस आणि प्लॅनर रोज एकत्र बसतील. कामासाठी इंटरनेटची वेगळी लाईन. आणि क्रू चेंजची तारीख पुढे गेली तर चोवीस तासात कारणासकट लेखी, प्रत्येक माणसाला, त्याला कळेल त्या भाषेत. तो रिगर पुढे दुसऱ्या प्रोजेक्टवर माझ्यासोबत आला, तिथे त्याला मी पहिल्या दिवशी तारीख दिली ती कागदावर सही करून दिली, आणि ती चार दिवस पुढे गेली तेव्हा त्याच्या केबिनवर जाऊन सांगितलं.